फरारबाईंची बोट

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता ‘मिशनऱ्यांचे कार्य : सेवा की धर्मप्रसार?’ मी दुसऱ्या बाजूने बोलले. आवाज चढवला, टाळ्या मिळाल्या, दुसरे बक्षीसही मिळाले. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात इतिहासाच्या सरांनी जवळ बोलावून विचारले, “काल तू ज्यांच्यावर सात मिनिटे बोललीस, त्यांच्यातल्या एकाचे तरी नाव सांग.” मला सांगता येईना. सर रागावले नाहीत. एक जाड पुस्तक पुढे सरकवून म्हणाले, “आधी ओळख करून घे, मग भांड.”

त्या पुस्तकात मला सिंथिया फरार भेटल्या. आडनाव वाचून हसू आले, हे कबूल करते. आपल्याकडे फरार म्हणजे पळून गेलेला; या तर आल्या आणि इथल्याच मातीत गेल्या.

फरारबाई अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या. जन्म १७९५ चा. १८२७ च्या जूनमध्ये त्या बोस्टन बंदरातून निघाल्या आणि डिसेंबरअखेर मुंबईला उतरल्या. वय बत्तीस, लग्न झालेले नाही, घरचे माणूस बरोबर नाही. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने अविवाहित शिक्षिकेला समुद्रापार धाडण्याची ती अगदी सुरुवात होती. काम होते मुलींच्या शाळा सांभाळण्याचे. त्यांच्या आधीच्यांची वाट काही सुखाची नव्हती. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईस आले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला होता. हॉल मात्र राहिला, मराठी शिकला, आणि १८२६ मध्ये गावोगाव फिरत असता पटकीने वारला. त्यानंतर पावणेदोन वर्षांनी या बाई बोटीतून उतरल्या. मला तालुक्याच्या गावी एकटीने एस.टी.त बसवताना माझी आई अजून तीनदा “पोचलीस की फोन कर” म्हणते. म्हणून असेल, पण मी त्या उतरण्यापाशी बराच वेळ थांबले.

शिकवायला आलेल्या या बाईंजवळ एखाद्या मुलीला “तुझे नाव काय, बाळ?” असे विचारण्यापुरती तरी मराठी कुठून असणार? म्हणजे आल्या बाई म्हणून, आणि पहिल्यांदा बसावे लागले विद्यार्थिनी म्हणून. शाळांतून प्रत्यक्ष शिकवायला बहुधा इथलेच पंतोजी नेमलेले असत, कारण शिकवू शकेल अशी स्त्री मिळणार कुठे? मुलगी शिकली तर विधवा होते, असे मानणारा तो काळ. आठ-नऊ वर्षांची झाली की लग्न, आणि लग्न झाले की शाळा बंद. म्हणजे एखादी मुलगी हाती लागली तर दोन-तीन वर्षांपुरती. एवढ्यासाठी सहा महिने समुद्र ओलांडायचा! आणि बाई दोन-तीन वर्षे नव्हे, मधला प्रकृतीसाठी मायदेशी गेल्याचा काळ सोडला तर १८६२ पर्यंत इथेच होत्या. १८३९ मध्ये परत आल्या त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आणि तिथेच वारल्या.

आता माझ्या मनातले सांगते. या विषयावर बोलणारे आपण सारे देणाऱ्याच्या हेतूवर भांडतो. घेणाऱ्या पोराला कोणी विचारीत नाही. मी घेणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिलेली आहे.

मी तिसरीत असताना आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शहरातल्या एका मंडळाचे लोक गाडी घेऊन आले होते. चांगली माणसे होती, हे आधी सांगते. त्यांचा धर्म कोणता हे आम्हाला कळले नाही आणि त्यांनी सांगितलेही नाही. त्यांनी दप्तरे वाटली, बिस्किटांचे पुडे दिले, हातवारे करून एक इंग्रजी गाणे म्हणवून घेतले. एका ताईंनी मला मांडीवर घेऊन फोटो काढला आणि विचारले, “मोठेपणी कोण होणार?” गुरुजींनी पढवून ठेवले होते त्याप्रमाणे मी “डॉक्टर” म्हणाले. टाळ्या पडल्या. मी रोज ओढा ओलांडून येते आणि पावसाळ्यात दोन महिने येऊच शकत नाही, हे सांगायला मी तोंड उघडले होते. तोवर त्या ताईंच्या मांडीवर दुसरी मुलगी बसली होती. दप्तर दोन वर्षे टिकले. ते लोक पुन्हा आले नाहीत. तरी पुढचे वर्षभर गाडीचा आवाज आला की आम्ही वर्गातून बाहेर पळत असू.

म्हणून मला वाटते की, परमुलखात मुलांसाठी म्हणून जो कोणी उतरतो, तो ख्रिस्ती असो, समाजवादी असो की आमच्यासारखा शिबिरार्थी असो, त्याला पहिला प्रश्न ‘कशासाठी आलात?’ हा नव्हे, तर ‘किती दिवस राहणार आणि आमची भाषा शिकणार का?’ हा विचारावा. हेतू तर फरारबाईंनी लपवलाच नव्हता. मिशनच्या शाळेत बायबल शिकवले जाई, हे पाठवणाऱ्या आईबापांना चांगले ठाऊक होते. तरीही काहींनी मुली पाठवल्या, कारण त्यांना अक्षर हवे होते. आपण आपल्या पूर्वजांना फारच भोळे समजतो बुवा!

याचा अर्थ मी स्पर्धेतली बाजू पार सोडली असा नाही. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्रि परळीकर या अल्पवयीन मुलाचे प्रकरण मुंबईत गाजले. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता आणि श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहिला होता. बाप कोर्टात गेला व कोर्टाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. मला विचाराल तर हा निकाल योग्यच होता. अजाण पोराच्या धर्माला हात घालणे मला मान्य नाही, मग घालणारा कितीही प्रेमळ असो. पण गोष्ट इथे संपत नाही. घरी आलेल्या त्या पोराला जातीत परत घ्यायला आपलेच लोक तयार होईनात. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, तर त्यांनाही विरोध झाला. त्याला नेणारे मोठे आणि दारात अडवणारेही मोठे. मी माझ्या भाषणात यातला फक्त पहिला अर्धा भाग सांगितला असता.

उलट बाजूचेही एक सांगते. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. त्यांनी नगरला जाऊन फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी आपली शाळा काढली. सावित्रीबाईंच्या शिक्षिका होण्याच्या तयारीशीही याच बाईंचे नाव जोडले जाते. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. जे हवे ते घेतले, नको ते ठेवले. बोस्टनहून निघताना बाईंच्या मनात जे काही असेल, त्यातले काय रुजायचे हे इथल्या माणसांनी ठरवले. बाई इतकी वर्षे जागेवर होत्या, म्हणून जोतीरावांना पाहायला शाळा तरी होती.

या जानेवारीत आमचे सात दिवसांचे शिबिर झाले. गावाबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या. दुपारी आम्ही तिथल्या मुलांना शिकवायला जात असू. पहिल्या दिवशी मी मोठ्या थाटात फळा टांगला. पण मी काय बोलते ते निम्म्या मुलांना समजेना. मुले बीडकडची, काही बंजारा; घरात गोरमाटी बोलणारी. एक मुलगी भावाला कडेवर घेऊन उभी राहायची. मी तिला तीन दिवस “खाली बस” म्हणत होते. चौथ्या दिवशी कळले की, खाली ठेवले की भाऊ रडतो आणि वर्ग बंद पडतो, म्हणून ती उभी. सहाव्या दिवशी तिला सहाचा पाढा आला. सातव्या दिवशी निघताना ती म्हणाली, “ताई, उद्या सातचा ना?” आमच्या वळकट्या बांधून झाल्या होत्या. मी “हो” म्हणाले.

प्रमाणपत्र मिळाले. घरी आईने ते देवाजवळ लावले आहे. आमच्या घरात कॉलेजचे म्हणून आलेला तो पहिलाच कागद. मला तिकडे बघवत नाही.

दिवाळीनंतर त्या शिवारात कोप्या पुन्हा पडतील. तीच मुलगी येईल याचा भरवसा नाही. मुकादम नेईल तिकडे टोळी जाते. तरी पट्टा पडेपर्यंत दर रविवारी तिथे जावे, असे मी सरांना लेखी दिले आहे. एस.टी.चे भाडे आपापले. गोरमाटी बोलणारा प्रथम वर्षाचा एक मित्र आम्हाला शनिवारी तासभर ती शिकवायला कबूल झाला आहे. सध्या यादीत पाच नावे आहेत. यादी ग्रंथालयात सरांच्या टेबलावर आहे.