बैठकीत फ्लॅश नको, लेन्स बदला!

घरगुती गाण्याची बैठक. दिवे मंद, ख्याल रंगात आलेला. तेवढ्यात फ्लॅश चमकतो आणि रसभंग होतो. हे टाळायला महागडा कॅमेरा लागत नाही. योग्य लेन्स पुरते.

कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स पूर्ण झूम केल्यावर साधारण एफ/५.६ इतकीच उघडते. एफ/१.८ची प्राइम लेन्स तिच्या नऊ-दहा पट प्रकाश घेते. त्यामुळे १/१५ सेकंदाला हलणारा फोटो १/१२५ला स्थिर येतो. एफ/२.८ची ७०-२०० मिमी झूमही चालेल. पण दीड किलोच्या आसपासची ती नळी जवळून रोखली, की गायकही अवघडतो.

मग ३५ मिमी की ५०? एपीएस-सी सेन्सरवर ५० मिमी लेन्सची चौकट सुमारे ७५ मिमीइतकी अरुंद होते आणि दिवाणखान्यात मागे सरकायला जागा नसते. तिथे ३५ मिमीच घ्यावी. फुल फ्रेम कॅमेऱ्याला ५० मिमी योग्य.

एक पथ्य मात्र हवे. एफ/१.८ला फोकसची खोली कमी असते, म्हणून फोकस गायकाच्या डोळ्यांवर ठेवावा. आणि क्लिक समेवर करावे. शटरचा आवाज श्रोत्यांच्या दादेत विरून जातो.