पुसू नका, टिपा!

मराठी मध्यमवर्गाच्या घरात कापडाला मरण नाही. शर्टाची कॉलर विरली की तो 'घरी घालायचा' होतो, बाही उसवली की रंगपंचमीसाठी राखून ठेवला जातो, आणि पाठीला भोक पडलं की कात्री लागून त्याचं फडकं होतं. माणसाला जसे चार आश्रम, तसे कापडालाही आहेत. फरक एवढाच, की संन्यास घेतलेलं कापड हिमालयात जात नाही. खाली पार्किंगमध्ये जातं. आणि जन्मभर एका सज्जन माणसाची लाज राखलेलं हे कापड तिथं आपल्या आयुष्यातलं पहिलं पातक करतं. ते गाडी पुसतं.

माझं भांडण या फडक्याशी आहे. (फडके आडनावाच्या मंडळींनी हे अंगाला लावून घेऊ नये.) त्याहून मोठं भांडण आहे ते 'गाडी रोज पुसलीच पाहिजे' या आपल्या सोवळ्या समजुतीशी. दात रोज घासावेत, मान्य. देव रोज पुजावेत, तेही मान्य. पण गाडी रोज कोरड्या फडक्यानं झाडूनपुसून काढावी, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? धूळ बिचारी गाडीवर नुसती बसलेली असते. नुसत्या बसण्यानं ती ओरखडा काढत नाही. ओरखडा निघतो तो तिला घासत, फरपटत नेणाऱ्या हातानं. कबुतराचा प्रसाद तेवढा त्याच दिवशी धुवावा, कारण तो रंग खातो. बाकी धुळीला रविवारपर्यंत सुखानं नांदू द्यावं.

आता थोडं शास्त्र. मोह्स नावाच्या जर्मन गृहस्थानं 1812 साली खनिजांना कठीणपणाचे मार्क दिले. शंखजिऱ्याला 1, हिऱ्याला 10. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. त्यांना 7 मार्क आहेत. खिडकीच्या काचेला साधारण साडेपाच. म्हणजे जी धूळ काचेला भारी, तिच्यापुढं गाडीच्या रंगाची काय कथा? आजच्या गाडीच्या रंगावर एक पारदर्शक लेप असतो, त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस (असल्यास) याहून जाड असतो. त्या लेपावर आपण रोज सकाळी वाळू ठेवतो, वर बनियन ठेवतो आणि वरून हाताचा जोर लावतो. सुताराच्या भाषेत याला पॉलिशपेपर मारणं म्हणतात. आपण याला 'निगा' म्हणतो.

पुरावा हवा असेल तर गाडी उन्हात उभी करा. बॉनेटवर सूर्याभोवती कोळ्याचं गोल जाळं दिसेल. लोक म्हणतात, पुसणारा हात गोल फिरवतो. तसं नाही. ओरखडे सगळ्या दिशांना असतात. पण उजेडाला आडवे जाणारे तेवढे चमकतात, म्हणून जाळं गोल दिसतं. घरातलं स्टीलचं जुनं ताट दिव्याखाली धरा, तिथंही हेच जाळं दिसेल. पण ताट घासायलाच असतं, गाडी नसते.

यावर तळमजल्यावरचे एक काका हमखास म्हणतात, "अहो, आमची फियाट वीस वर्षं लुंगीनं पुसली, काय झालं तिला?" काका, तिला काय झालं ते तिलाच ठाऊक, पण त्या काळच्या गाड्यांना बहुधा वर पारदर्शक लेप नसे. पॉलिश मारलं की फडक्याला गाडीचा रंग लागायचा आणि खालून ताजा रंग वर यायचा. शिवाय चकाकी मुळातच बेताची, त्यामुळे ओरखडा कुणाच्या डोळ्यांत भरत नसे. आता ती चकाकी देणाऱ्या लेपावरच आपण फडकं चालवतो.

मग धुतल्यावर गाडी तशीच ओली सोडायची का? मुळीच नाही. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब उन्हात सुकले की पांढरी वर्तुळं मागे ठेवतात आणि गाडीला देवी आल्यासारखी दिसते. म्हणून गाडी सावलीत धुवावी. शेवटी पाइपाचं तोंड काढून टपावरून संथ धार सोडावी; पाणी चादरीसारखं घसरत निम्मंअधिक स्वतःच निघून जातं. उरलेलं जाड, लुसलुशीत मायक्रोफायबरच्या टॉवेलनं टिपावं. टॉवेल पसरायचा, हलकेच दाबायचा, उचलायचा. त्याच्या धाग्यांच्या दाटीत पाणी शिरतं, आणि चुकार कण राहिलाच तर तोही आत ओढला जातो. बनियनला अशी दाटी नसते. कण रंगावरच फिरत राहतो. टॉवेलचं शिवलेलं लेबल आधी कापावं. वरच्या भागाला एक टॉवेल, चाकांजवळच्या भागाला दुसरा. जमिनीवर पडलेला टॉवेल धुतल्याशिवाय गाडीला लावू नये. हे सोवळं मात्र मी कडक पाळतो.

"पाणी किती जाईल!" हा पुढचा आक्षेप. अहो, रोजची अर्धी बादली धरली तर आठवड्याच्या साडेतीन होतात. एकदाच नीट धुतली, पाइप मोकळा सोडला नाही, तर हिशेब कुठं बिघडतो?

पण माझा खरा राग पाण्यावरून नाही, फडक्यावरूनही नाही. आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारा पहाटे पाचला येतो. चाळीस गाड्या, एक बादली, एक फडकं. पंधराव्या गाडीपाशी त्या पाण्याचा चहा झालेला असतो, तिसाव्यापाशी पिठलं. साहेब लोक आठला निघायच्या आत चाळीस गाड्या 'चकाचक' हव्यात, म्हणजे गाडीमागे साडेचार मिनिटं. मागच्या वार्षिक सभेत कुणीतरी बॉनेटवरचे ओरखडे दाखवले आणि त्याच्या पगारातून तीनशे रुपये कापायचा ठराव आला. दोन मिनिटांत मंजूर. मी उठून म्हणालो, "त्याला दुसरी बादली आणि सहा टॉवेल सोसायटीनं द्यावेत. आणि रोजच्याऐवजी दिवसाला सहाच गाड्या नीट धुवायला सांगावं, पगार तोच ठेवून." त्यावर पाऊण तास चर्चा झाली, उपसमिती नेमली गेली आणि बटाटेवडे आले. उपसमितीची बैठक अजून व्हायची आहे. तीनशे रुपये मात्र त्याच महिन्यात कापले गेले.

दहा-पंधरा लाखांच्या गाडीला शंभर-दोनशेचा टॉवेल परवडत नाही आणि पहाटे पाचला येणाऱ्या माणसाचे तीनशे कापणं परवडतं, याला काटकसर म्हणत नाहीत. तो ओरखडा त्याच्या हातानं पडला असेल, पण फडकं आपलं होतं, बादली आपली होती आणि घाईही आपलीच होती.

आपल्या भाषेत 'पुसणं' आणि 'टिपणं' हे दोन वेगळे शब्द आहेत ते उगाच नाहीत. फळा पुसतात, फरशी पुसतात. न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाचं अंग मात्र टिपतात, शाईची ओली सही टिपतात, डोळेही टिपतात. जिथं जपायचं असतं तिथं मराठी माणूस घासत नाही. तेव्हा गाडी जपायची असेल तर टिपा. आणि ती टिपणाऱ्याचे पैसे कापू नका; त्याला आधी टॉवेल द्या.