म्हातारचळ म्हणण्यापूर्वी

१/ साठी उलटलेली एखादी व्यक्ती ऑनलाइन जाहिरात देते: ‘शृंगारात बांधून घेणे, आज्ञा पाळणे मला रुचते. अशीच आवड असलेला समंजस जोडीदार हवा.’ आपला निकाल तयार असतो: म्हातारचळ! हा निकाल इतिहासापुढे टिकत नाही. #धागा

२/ पहिला आक्षेप असा की, हे इंटरनेटने आणलेले पाश्चात्त्य खूळ आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नखक्षते, दंतक्षते आणि प्रहणन, म्हणजे रतिक्रीडेतील प्रहार, यांचे सविस्तर विवेचन आहे. तेव्हा इंटरनेट सोडाच, छापखानाही नव्हता.

३/ त्याच ग्रंथात इशाराही आहे. कुंतल शातकर्णी सातवाहनाच्या हातून ‘कर्तरी’च्या प्रयोगात महादेवी मलयवती मरण पावली. असले प्रकार वात्स्यायन अनार्य ठरवतो. म्हणजे सीमा कोठे आखावी हा प्रश्नही आपल्याकडे जुनाच.

४/ मागणी उच्चारलीच नाही तर काय होते? तत्त्वज्ञ रूसोने पन्नाशीनंतर आत्मचरित्रात लिहिले की, करारी स्त्रीपुढे शरण जाण्याची ओढ त्याला बालपणापासून होती आणि ती प्रेयसींपुढे बोलून दाखवण्याचे धैर्य त्याला कधी झाले नाही. हे पुस्तक छापले गेले १७८२ साली, त्याच्या मृत्यूनंतर.

५/ उच्चारली तर? १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात पॅट बाँड यांनी आपल्यासारख्या वेदनाप्रिय व्यक्तींना साद घालणारी छोटी जाहिरात दिली. त्यातून १९७१ मध्ये ऑयलेनश्पीगल सोसायटी उभी राहिली. एका जाहिरातीतून परस्परांना समजून घेणारी संस्था जन्मली.

६/ आणि वय? १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील निवृत्त शिक्षिका जेन जुस्का यांनी वयाची सदुसष्ट वर्षे पूर्ण होण्यापूर्वी शरीरसुख हवे, अशी जाहिरात एका प्रतिष्ठित ग्रंथ-नियतकालिकात दिली. उत्तरे ढिगाने आली.

७/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर: देवलांच्या ‘संगीत शारदा’ने (१८९९) कामातुर म्हाताऱ्याची टर उडवली ती उगाच का? मुळीच नाही. पण भुजंगनाथाचा अपराध त्याचे वय नव्हते. त्याने मुलगी विकत घेऊ पाहिली आणि तिला कोणी विचारलेच नाही. जाहिरात देणारा नेमके उलट करतो: तो विचारतो, आणि समोरच्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक ठेवतो.

८/ तिसरा आक्षेप: ही विकृती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात प्रौढांमधील संमतीने चालणारे असे वर्तन आजार मानलेले नाही.

९/ खरा धोका आपल्या उपहासात आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला साध्या फटक्यानेही मोठी जखम होऊ शकते. ठिसूळ हाडांना आवळलेली गाठ सोसत नाही. हे डॉक्टरांना विचारावे, तर लाज आड येते. ज्याला घरी तोंड उघडता येत नाही, तो खंडणीखोराचे आयते सावज ठरतो.

१०/ र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, पण प्रश्न विचारणारा गुन्हेगार नव्हे, हे महाराष्ट्राला तेव्हाच सांगून झाले आहे. वय वाढले म्हणून तो हक्क संपत नाही.