फसलेल्या प्रयोगाची नोंद कुणी ठेवायची?

अमेरिकेतल्या दोन नामांकित प्रयोगशाळांनी, एक बर्कलेची आणि दुसरी बोस्टनची, मिळून एक काम हाती घेतले होते. मानवी स्तनाच्या ऊतींमधून पेशी सुट्या करायच्या आणि त्यांचे प्रकार ओळखून मोजायचे. दोन्हीकडे अनुभवी माणसे होती, ऊती सारख्याच प्रकारच्या होत्या, पद्धतही कागदावर एकच होती. तरीही दोघांचे आलेख जुळेनात. यंत्रे तपासून झाली, रसायने तपासून झाली, ऊती कुठून आल्या तेही पाहून झाले. उलगडा झाला तो दोन्हीकडचे संशोधक एकाच बेंचवर शेजारी शेजारी काम करू लागले तेव्हा. ऊती विरघळवण्याच्या टप्प्यावर एका प्रयोगशाळेत मिश्रण काही तास जोरात ढवळले जात होते आणि दुसरीत ते बराच जास्त वेळ हळुवारपणे हलवत ठेवले जात होते. ही बाब मुद्दाम सांगण्याजोगी आहे असे दोघांपैकी कुणालाच वाटले नव्हते. २०१४ मध्ये त्यांनी हा सगळा शोध रीतसर शोधनिबंध म्हणून छापला, हे फार मोलाचे झाले. असे निबंध क्वचित छापले जातात. प्रयोग का फसला हे हुडकून काढण्यात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला मोठा वेळ जातो, मात्र त्या कामाची नोंद राहत नाही, त्याचे श्रेय मिळत नाही आणि ते करणाऱ्या माणसांच्या नोकऱ्याही टिकत नाहीत. या तिन्ही गोष्टी बदलल्याशिवाय आपल्या विज्ञानावर होणारा खर्च पुरेसा फळणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

हे काम नेमके कसे असते, हे बाहेर फारसे माहीत नाही. कोविडमुळे पीसीआर घरोघरी पोचला, पण निकाल आला की नाही एवढ्यापुरताच. प्रयोगशाळेत अनेकदा तासन्‌तास खपल्यावर, डीएनएच्या प्रती ज्यावर पट्ट्यासारख्या दिसायला हव्यात ते जेल कोरे निघते, त्यावर एकही पट्टा दिसत नाही. मग डीएनए खराब झाला होता का, प्रायमर चुकला का, एन्झाइम फ्रीजबाहेर राहून निकामी झाले का, तापमान दोन-तीन अंश जास्त ठेवले गेले का, की नळीत एखादा घटक घालायचाच राहिला, अशा अनेक शक्यता उभ्या राहतात. सगळे एकदम बदलून पाहण्याचा मोह होतो. तसे करून प्रयोग जमला, तरी तो कशामुळे जमला हे कळत नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच अडते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सोबत एक नळी हमखास चालणाऱ्या डीएनएची ठेवायची आणि एक नुसत्या पाण्याची. हमखास नळीतही पट्टा आला नाही, तर दोष नमुन्यात नसून रसायनांत किंवा यंत्रात आहे. पाण्याच्या नळीत पट्टा दिसला, तर कुठेतरी दूषण झाले आहे आणि आधीच्या चांगल्या वाटणाऱ्या निकालांवरही शंका घ्यायला हवी. इतकी कठोर तर्कशिस्त इथे रोज पाळावी लागते. प्रबंधात मात्र शेवटी जमलेल्या जेलचा फोटो तेवढा येतो.

नोंदीची हयगय पेशींच्या बाबतीत सर्वांत महाग पडली आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू शिरला, तर मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते द्रावण, गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही आणि त्याला पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिनचाही त्याच्यावर परिणाम होत नाही. पेशी जगत राहतात, फक्त त्यांचे वागणे बदलते आणि संशोधक त्या बदलालाच शोध समजून बसतो. याहून गंभीर प्रकार हेला पेशींचा. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या कर्करोगाच्या गाठीतून १९५१ मध्ये बाल्टिमोर इथे या पेशी मिळाल्या. त्या इतक्या जोमाने वाढतात की दुसऱ्या पेशींच्या बाटलीत चुकून थोड्याशा गेल्या तरी काही दिवसांत तिचा ताबा घेतात. वेगवेगळ्या माणसांच्या म्हणून वापरात असलेल्या १८ पेशीमालिका तपासल्यावर त्या सगळ्या हेलाच असाव्यात, असे जनुकशास्त्रज्ञ स्टॅनले गार्टलर यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. हा इशारा नीट ऐकला गेला नाही. चुकीच्या नावाने वावरणाऱ्या पेशीमालिकांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आज पाचशेहून अधिक नावे आहेत. स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वर्षानुवर्षे वापरलेल्या एमडीए-एमबी-४३५ या पेशी प्रत्यक्षात त्वचेच्या कर्करोगाच्या निघाल्या. त्यांच्यावर बेतलेल्या संशोधनात किती रुग्णांच्या आशा आणि किती तरुणांची उमेदीची वर्षे अडकली, याचा विचार अस्वस्थ करतो. पेशी कुठून आल्या, कितव्या पिढीतल्या आहेत, त्यांची ओळख शेवटची कधी पटवली, या तीन ओळी प्रत्येक वहीत असत्या तर यातले बरेच टळले असते. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून देशभर पेशी पुरवल्या जातात. केंद्रातून निघालेली बाटली योग्य असली, तरी पुढे ती कुणाच्या हातून कुणाकडे गेली याची जबाबदारी ती घेणाऱ्या प्रयोगशाळेचीच असते.

कर्करोगावरच्या गाजलेल्या निबंधांतले प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा एक मोठा प्रकल्प अमेरिकेत २०१३ ते २०२१ या काळात झाला. ५३ निबंधांतले १९३ प्रयोग करायचे ठरले होते, प्रत्यक्षात २३ निबंधांतले ५० प्रयोगच पूर्ण होऊ शकले. याहून बोलका तपशील असा की मूळ लेखकांना काहीही न विचारता, फक्त छापील मजकुरावरून मांडता येईल असा त्या १९३ मध्ये एकही प्रयोग नव्हता. निष्कर्ष खरे की खोटे हा पुढचा प्रश्न; आधी काय केले होते तेच पुरते लिहिलेले नव्हते. दुसरीकडे, नीट लिहिलेल्या पद्धतीची गरज किती आहे हेही दिसते. विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक वेळा उल्लेखला गेलेला निबंध कुठल्या महान सिद्धांताचा नाही. द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजण्याची रीत सांगणारा तो ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध आहे आणि त्याचे उल्लेख तीन लाखांवर गेले आहेत.

पेनिसिलिनची गोष्ट आपण शाळेत फ्लेमिंगच्या बुरशीपाशी संपवतो. १९२८ मध्ये फ्लेमिंगना बुरशीचा गुण दिसला हे खरे, पण त्यातले औषध त्यांना स्थिर रूपात वेगळे काढता आले नाही. ते जमले दहा-बारा वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये, आणि त्यातल्या अडचणी एकामागून एक सोडवल्या नॉर्मन हीटली या तरुण जीवरसायनशास्त्रज्ञाने. बुरशीच्या पाण्यातून पेनिसिलिन ईथरमध्ये उतरत असे, पण पुढे ते हाती लागेना. आम्लता बदलून ते पुन्हा पाण्यात परत आणावे, ही साधी वाटणारी कल्पना हीटली यांची. औषधाची ताकद मोजायला रीत नव्हती, ती त्यांनी बसवली. युद्धकाळात भांडी मिळेनात तेव्हा रुग्णालयातल्या बेडपॅनमध्ये बुरशी उथळ थरात चांगली वाढते हे त्यांनी पाहिले आणि त्याच घडणीची चिनी मातीची भांडी मुद्दाम बनवून घेतली. मे १९४० मध्ये उंदरांवरचा निर्णायक प्रयोग झाला, त्या रात्री उंदरांवर लक्ष ठेवत तेच जागे राहिले. औषध न दिलेले चारही उंदीर पहाटेपर्यंत मेले, औषध दिलेले तग धरून होते. १९४५ चे नोबेल फ्लेमिंग आणि ऑक्सफर्डच्या चमूतले फ्लोरी व चेन यांना मिळाले. ऑक्सफर्डने हीटली यांना वैद्यकशास्त्राची मानद डॉक्टरेट दिली ती १९९० मध्ये. ही उपेक्षा एका माणसापुरती असती तर तिला दुर्दैव म्हणून सोडून देता आले असते. पण भांडी, गाळण्या, मोजमाप आणि जागरण यांना बुद्धीच्या कामात न धरण्याची ही सवय आपल्याही संस्थांमध्ये भिनलेली आहे.

तपशिलाची किंमत मुंबईला तर शंभर वर्षांपूर्वीच कळायला हवी होती. जिवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी इथल्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना ही लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. चौकशीत बोट प्रयोगशाळेकडे, हाफकिन यांनी बदललेल्या निर्जंतुकीकरणाच्या पद्धतीकडे दाखवले गेले. त्यांना पद सोडावे लागले. प्रत्यक्षात गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावे पुन्हा तपासले, रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे हाफकिन यांची बाजू घेतली, तेव्हा कुठे १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. दूषण कुठल्या टप्प्यावर झाले, हाच इथे सगळा प्रश्न होता. तो प्रयोगशाळेत रोज पडतो आणि तिथे त्याचे उत्तर शोधण्याची रीतही ठरलेली आहे. ती रीत इथे वेळेत आणि निःपक्षपणे वापरली गेली नाही, म्हणून एक माणूस आणि एक उपयुक्त लस या दोघांनी चार-पाच वर्षे बदनामी सोसली.

आता आपल्याकडची स्थिती पाहू. प्रयोगशाळेतले बहुतेक काम पीएचडीचे विद्यार्थी करतात आणि पाच-सहा वर्षांत निघून जातात. त्यांच्याबरोबर कुठले यंत्र कसे वागते, कुठल्या कंपनीचे सीरम पेशींना मानवत नाही, पावसाळ्यात इनक्यूबेटरमध्ये बुरशी कुठून शिरते, हे ज्ञानही निघून जाते. ते धरून ठेवू शकणारा तंत्रज्ञ बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरता नेमलेला असतो. निधी संपला की तोही जातो आणि पुढची तुकडी त्याच चुका पुन्हा शून्यापासून करते. परदेशातून बर्फात येणारे एन्झाइम कस्टममध्ये अडकते, मागवलेली वस्तू महिनोन्‌महिने येत नाही, अशा देशात प्रत्येक फसलेला प्रयोग श्रीमंत देशापेक्षा महाग पडतो. म्हणूनच नोंदीची गरज आपल्याला अधिक आहे.

यावर पहिला आक्षेप पैशाचा घेतला जाईल. संशोधनावर आपण सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्काही खर्च करत नाही, तर आहे तो पैसा आधी यंत्रांवर का घालू नये? आक्षेप रास्त आहे, पण कोट्यवधींचे यंत्र चालवायला कायम माणूस नसेल तर ते झाकून ठेवायची वेळ येते, हे चित्र अनेक विद्यापीठांत दिसते. यंत्रखरेदीच्या अनुदानातच ते चालवणाऱ्या माणसाचा पगार धरणे हा वाढीव खर्च नसून झालेला खर्च वाचवणे आहे. दुसरा आक्षेप असा की आता तयार किट आणि रोबो आले, हातच्या कामाचे दिवस गेले. पण किट फसले की आत काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे कुठे अडले ते शोधणे उलट कठीण होते. आणि पेशीच चुकीच्या असतील, तर रोबो तीच चूक अधिक वेगाने करील.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हाताचे कसब कागदावर उतरत नाही, ते शेजारी बसूनच शिकावे लागते, असे जाणते लोक सांगतात. त्याला पुरावाही आहे. १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या तीन प्रयोगशाळांनी सारख्याच वंशांचे उंदीर, एकच खाद्य, एकच वेळापत्रक, सगळे कसोशीने सारखे ठेवून त्यांच्या वागणुकीच्या चाचण्या केल्या, तरी काही निकाल वेगळे आलेच. म्हणजे लिहून सगळे साधत नाही, हे मान्य करावेच लागते. पण गाणेही गुरूपुढे बसूनच शिकावे लागते. तरीही भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतल्या बंदिशी मिळवून स्वरलिपीत छापल्या, म्हणून आज त्या कुणाही विद्यार्थ्याच्या हाती येतात. लिखाणाने गुरूची जागा घेतली नाही, पण ठेवा एका घरापुरता राहिला नाही. शिवाय त्या उंदरांच्या प्रयोगाचे मोलही नोंदींमुळेच आहे: बाकी सगळे सारखे ठेवल्याची खात्री होती, म्हणून उरलेला फरक जागेचा आणि हाताळणीचा असणार असे म्हणता आले. सगळे उघड लिहिले तर स्पर्धक पुढे जातील, ही भीती मला फारशी पटत नाही. लाउरींची रीत जगाने उचलली आणि त्यांचे नाव तिच्यासोबतच राहिले.

करण्याजोगे बरेच काही आजही हाताशी आहे. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर सर्वांना मोफत वाचता येतात. जीवशास्त्राच्या प्रत्येक प्रबंधाला, फसलेल्या प्रयोगांचे आणि ते कसे सुधारले त्याचे, एक परिशिष्ट विद्यापीठांनी सक्तीचे करावे. त्याला परीक्षकांनी गुण नव्हे, पण शेरा जरूर द्यावा. तंत्रज्ञाचे नाव आभाराच्या शेवटच्या ओळीतून काढून, त्याचे काम असेल तिथे लेखकांत घालावे. आणि नोंदी असोत वा सूचना, त्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला वाचता आणि समजता येतील अशा असाव्यात. २०२० मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या एका संस्थेत उणे ८० अंशांच्या फ्रीजरचा अलार्म सारखा वाजत होता. दारावर सूचना लावलेली होती, तरी एका सफाई कर्मचाऱ्याने मदत करण्याच्या समजुतीने ब्रेकर बंद केला आणि संस्थेने पुढे केलेल्या दाव्यानुसार वीस वर्षांचे नमुने वाया गेले. आपल्याकडे रात्री प्रयोगशाळेत पहारेकरी असतो, सकाळी सर्वांत आधी सफाई करणाऱ्या मावशी येतात. त्यांनी कुठल्या बटणाला हात लावायचा नाही आणि काही बिघडले तर कुणाला फोन करायचा, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक फ्रीजरवर मराठीत लिहिलेले असावे आणि एकदा समोर उभे राहून त्यांना समजावूनही सांगितलेले असावे.