हात कोणाचा, जबाबदारी कोणाची?

एटापल्ली आणि सौंदर्यचिकित्सा हे दोन शब्द एका वाक्यात आले की ‘घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा’ ही म्हण कोणालाही आठवावी. ज्या भागातील पाड्यांवरून पावसाळ्यात रुग्णाला खाटेवर घालून नाले ओलांडावे लागतात, तेथे चेहऱ्याच्या ठेवणीचा विचार ही चैन वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही समजूत थोडी तपासून पाहण्यासारखी आहे. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत पहाटे जंगलात शिरलेल्या माणसावर अस्वल झडप घालते, तेव्हा त्याची नखे पुष्कळदा तोंडावरच बसतात. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे प्रमाण अधिक आहे. वेळेवर औषध न मिळाल्यास त्या रोगात हाताची बोटे आखडतात, पापणी मिटेनाशी होते. दुभंगलेला ओठ घेऊन जन्मलेले मूल एटापल्लीतही असते आणि पुण्यातही असते. अशा माणसाला चारचौघांत वावरता येईल असे रूप परत मिळवून देणे हेच या विद्येचे मूळ कार्य होय. शहरांतील चकचकीत दवाखान्यांतून आज जे चालते, ती त्याच वृक्षाला अलीकडे फुटलेली फांदी आहे.

करआकारणीच्या कायद्यानेही हा भेद मानलेला आहे. वैद्यकीय सेवेला वस्तू व सेवा कराची माफी आहे. केशरोपण आणि केवळ रूपासाठी केलेली शस्त्रक्रिया यांना ती नाही, त्यांवर 18 टक्के कर पडतो. मात्र जन्मजात व्यंग, अपघात वा इजा यांमुळे बिघडलेले शरीर पूर्ववत करण्यासाठी तीच शस्त्रक्रिया झाली तर ती माफीत बसते. सुरी तीच, टाका तोच, हेतू मात्र वेगळा. आणि हेतू वेगळा झाला की दवाखाना चालविण्याचे गणितही पालटते.

शहरी सौंदर्योपचाराचे गणित असे असते. येणारा माणूस आजारी नसतो, तो स्वखुशीने येतो आणि पुष्कळदा पैसे आगाऊ भरतो. यंत्रसामग्री महाग आणि बहुधा कर्जाऊ असते. हप्ता दरमहा द्यावा लागत असल्याने उपचाराची खुर्ची रिकामी राहून परवडत नाही. डॉक्टरांचा वेळ सर्वांत महाग. म्हणून काम हळूहळू मदतनिसांच्या हाती उतरते. फलकावर नाव डॉक्टरांचे आणि कातडीवर हात दुसऱ्याचाच, अशी व्यवस्था तयार होते. केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञाने 1963 मध्ये दाखवून दिले होते की, वैद्यकीय सेवेच्या बाजारात विकणाऱ्याला जे कळते ते घेणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे इतर बाजारांचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. साडी बोटांनी चाचपून घेता येते. केशरोपण करणाऱ्याचे कसब कसे चाचपणार? राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने सप्टेंबर 2022 मध्ये जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्या मुळाशी हीच अडचण होती. अशा शस्त्रक्रिया रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच कराव्यात, कार्यशाळेत बसून किंवा चित्रफिती पाहून मिळविलेले ज्ञान पुरेसे मानता येणार नाही, असे तीत बजावले आहे. हे बजावावे लागावे यातच या व्यवसायातील व्यवस्थापनाची स्थिती उघड होते.

मग हाताखालच्या माणसांवर काम सोपवूच नये काय? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात एका प्लॅस्टिक सर्जननेच दिले आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नाही. डॉ. नोशीर अंटिया हे इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली तयार झाले. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांना गिलीज यांनी नवे चेहरे दिले होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग अंटियांनी उभारला आणि कुष्ठरुग्णांचे हात व चेहरे सुधारण्याकडे ही विद्या वळविली. पुढे अलिबागजवळच्या मांडवा भागात त्यांनी जेमतेम शिकलेल्या खेड्यातील स्त्रियांना आरोग्याचे काम शिकविले आणि त्यांनी ते उत्तम केले. स्थानिक पुढाऱ्यांना ते रुचले नाही, हा भाग निराळा. 2007 मध्ये अंटिया निवर्तले. रूप घडविणाऱ्या शल्यचिकित्सकाने आयुष्याचा उत्तरार्ध दुसऱ्यांचे हात घडविण्यात घालवावा, यात विसंगती काहीच नव्हती.

गडचिरोलीत हाच विचार अधिक कसोशीने पारखला गेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घेण्यास, इतकेच नव्हे तर जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन देण्यासही शिकविले. अर्धशिक्षित बाईच्या हाती सुई ही कल्पना वैद्यकविश्वाला सहज पचणारी नव्हती. परंतु तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, 62 टक्क्यांनी कमी झाल्याचे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. 2011 पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेण्यात आली. केशरोपणाच्या दवाखान्यातील मदतनीस आणि गडचिरोलीतील आरोग्यदूत या दोघांनाही वैद्यकाची पदवी नाही. पण आरोग्यदूताने काय करावे आणि कोठे थांबावे हे आधी ठरविलेले होते, प्रत्येक बाळाची नोंद होत होती, ती नोंद वरचा माणूस तपासत होता, आणि सुई कोणाच्या हातात आहे हे आईला ठाऊक होते. शहरी दवाखान्यात नेमकी हीच शेवटची गोष्ट पुष्कळदा झाकून ठेवली जाते.

शेजारच्या भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे 1973 मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी अस्वलाने फाडलेले चेहरे शिवले, ते सुरुवातीला विजेवाचून. तेथील रुग्णसेवेचा भार वाहण्यासाठीही स्थानिक माडिया तरुण तयार झाले. आज त्या रुग्णालयाची धुरा पुढच्या पिढीकडे, म्हणजे त्याच कुटुंबाकडे आहे. ध्येयवादी संस्थांना घराबाहेरचा वारस का मिळत नाही, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. पण शासकीय रुग्णालयांना तर पुष्कळदा चालू वर्षाचा डॉक्टरही मिळत नाही, हे ध्यानात घेता तो विचारताना आवाज जरा खाली ठेवावा हे बरे.

सुरजागडच्या लोहखनिजाचे उत्खनन 2021 पासून वाढले आहे. त्यापाठोपाठ एटापल्लीच्या बाजारात रोख मजुरीचा पैसा खेळू लागला आहे. पैशामागोमाग कातडी उजळविणारे आणि केस उगविणारे दवाखाने आले तर त्यात नवल नाही, आणि त्यांना नाके मुरडण्याचेही कारण नाही. नागपूरच्या माणसाला जी हौस करता येते ती एटापल्लीच्या माणसाने का करू नये? मात्र येथील गरज त्याहून जुनी आहे. कुष्ठरोगाने आखडलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यास बुडालेल्या मजुरीपोटी शासन पूर्वी 8 हजार रुपये देत असे, आता 12 हजार देते. शस्त्रक्रिया झाल्यावर काही आठवडे हात प्लास्टरमध्ये राहतो आणि नंतर आणखी कित्येक आठवडे रोज व्यायाम करावा लागतो. ज्या स्नायूचे काम बदलले त्याला नवे काम शिकवावे लागते. हा व्यायाम शस्त्रक्रिया करणारा सर्जन पाड्यावर येऊन शिकवू शकत नाही. तो गावातल्याच कोणाला तरी शिकवून ठेवावा लागेल, त्या माणसाला त्याचे मानधन द्यावे लागेल, आणि बोटे किती उघडली याची नोंद कोणाला तरी दर आठवड्याला पाहावी लागेल. शस्त्रक्रियांच्या शिबिरांचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात. सहा महिन्यांनी त्यांपैकी किती हातांना मोहफूल उचलता येते, याचा आकडा जिल्हा आरोग्य प्रशासनाने आता मागावयास हवा.