बाळपणीची शिदोरी

आज भाद्रपद शुद्ध चतुर्थी. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा कुठे पार्थिव गणेशाची प्राणप्रतिष्ठा आटोपली असेल, कुठे अजून चौरंग मांडला जात असेल. स्वयंपाकघरात उकड निघत असेल, नारळाच्या चवाला गूळ सुटू लागला असेल, आणि गुरुजी येण्याच्या आत सारे तयार व्हावे म्हणून घरातील मोठी माणसे लगबगीत असतील. या धांदलीत घरातल्या लहानग्याच्या कानी एक वाक्य मात्र पुन्हापुन्हा पडत असेल : “तू मध्ये येऊ नकोस.” मंगलमूर्तीच्या आगमनाच्या दिवशी या साध्या वाक्याविषयी चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात आले आहे.

हे लहान मूल मोठे होईल, शिकेल, बहुधा गाव सोडील. चाळीस-पन्नास वर्षांनी भाद्रपद आला म्हणजे त्याला आजच्या दिवसातले काय आठवेल? आपण खर्चून केलेली आरास आठवेल, की पुरोहितांनी म्हटलेले मंत्र आठवतील? याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जायला नको. वाचकांनी क्षणभर आपल्याच बाळपणात डोकावून पाहावे. ज्यांना मखर आठवते त्यांना बहुधा ते चिकटवताना हाताला लागलेली खळ आठवते. दूर्वा आठवतात त्या ओल्या गवतात बसून एकवीस-एकवीस मोजल्या म्हणून, आणि मधेच मोजणी चुकली म्हणून. आजीने मोदकाची पारी आपल्या हाती दिली आणि ती फाटली, तरी तो फाटका मोदकही इतरांबरोबर मोदकपात्रात बसला, ही आठवण तर साठी उलटलेल्या गृहस्थांच्या तोंडूनही ऐकू येते. जे नुसते पाहिले ते पुसट होत जाते आणि ज्याला हात लागला ते टिकते. बाळपणीच्या आठवणींचा हिशेब काहीसा असाच आहे.

या संदर्भात आचार्य विनोबा भावे यांच्या बाळपणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. पेण म्हटले की गणेशमूर्तींचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. परंतु विनोबांचे आजोबा शंभुराव भावे घरच्या पूजेसाठी मूर्ती विकत आणीत नसत. चंदन उगाळून त्याच्या गंधाची मूर्ती ते घरीच घडवीत आणि ते उगाळण्याचे काम घरातील मुलांच्याही वाट्याला येई. सहाणेवर चंदन उगाळणे किती संथ काम आहे हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. हात दुखून येतात आणि वाटीत दिसते ते बोटभर गंध. त्या बोटाबोटाने जमलेल्या गंधातून देव साकार होताना ज्या मुलाने पाहिला आणि नंतर तोच देव पाण्यात विसर्जित होतानाही पाहिला, त्याला आवाहन आणि विसर्जन या शब्दांचा अर्थ निराळा सांगावा लागला नाही. आपण इतक्या कष्टाने केलेली मूर्ती सोडून का द्यायची, हे दुःख मुलाला व्हायचेच. तेच दुःख विनोबांच्या विचारात पुढे अनासक्तीचा पहिला पाठ होऊन बसले.

आजोबांची आणखी एक गोष्ट विनोबा सांगत असत. पूजा चालली असता देवाच्या मूर्तीवर एक विंचू येऊन बसला. घरातील मंडळी त्याला मारायला धावली. आजोबांनी त्यांना थांबविले. तो देवाच्या आश्रयाला आला आहे, त्याला हात लावू नका, असे सांगून त्यांनी पूजा तशीच चालू ठेवली आणि विंचू आपल्या वेळाने निघून गेला. येथे आमचे लक्ष जाते ते निराळ्याच गोष्टीकडे. आजोबांनी हे नातवाला शिकविण्यासाठी केले नव्हते. त्यांच्या श्रद्धेला त्या क्षणी जे सुचले ते त्यांनी केले, आणि मूल तेथे उभे होते एवढेच. सारे काही त्या उभे असण्यातच आहे. पूजेच्या खोलीबाहेर त्याला पिटाळले असते तर ती गोष्ट विंचवाबरोबरच निघून गेली असती.

विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. त्यांनी एकदा देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला आणि रोज दाणे मोजून त्या वाहू लागल्या. विनोबांचे वडील शास्त्रीय वृत्तीचे. त्यांनी सुचविले की तोळाभर तांदूळ मोजावेत, त्यावरून लाखाचा हिशेब करावा, आणि कमी पडू नयेत म्हणून वर अर्धा तोळा घालावा. गणित बिनचूक होते. त्या माउलीला त्यावर उत्तर सुचेना. संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा तिने त्यालाच विचारले. मुलाने सांगितले की हे काही गणिताचे काम नव्हे, प्रत्येक दाण्यामागे एकदा देवाचे नाव येते, म्हणून दाणा दाणाच मोजला पाहिजे. आई समाधान पावली. या प्रसंगात आम्हांला सर्वांत मोठी वाटते ती आईची पृच्छा. धर्माविषयीची आपली शंका तिने मुलापुढे ठेवली आणि त्याचे उत्तर मानले. आपल्या घरांत मुलांनी प्रश्न विचारावेत एवढी सोय कशीबशी असते. मुलांना प्रश्न विचारावा, आणि तोही खरोखर उत्तर हवे म्हणून, हे किती घरांत घडते?

याच मातेने मराठीत सोप्या ओव्यांची गीता हवी म्हणून मुलापाशी इच्छा प्रकट केली होती आणि ती तूच का करीत नाहीस असेही विचारले होते. १९१८ साली ती गेली. १९३०-३१ मध्ये विनोबांनी ‘गीताई’ लिहिली. लाखो मराठी घरांत पोहोचलेल्या या ग्रंथाचे मूळ शोधत गेले तर आपण एका स्वयंपाकघरात येऊन पोहोचतो.

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. हा क्रम आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो. तुरुंगात माणसाजवळ काही उरत नाही. घर नाही, देव्हारा नाही, सण नाही. अशा वेळी हाती लागले ते काय? पालगडच्या अंगणातील दिवस. स्नान झाल्यावर पायांच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून मुलाने हट्ट धरला आणि आईने आपले ओले लुगडे पायांखाली पसरले, ही गोष्ट मराठी वाचकांना पुन्हा सांगण्याची गरज नाही. कळ्या उमलण्याआधी तोडू नयेत, झाडावर त्यांना फुलू द्यावे, हेही त्या आईने देवपूजेच्या फुलांवरूनच मुलाला समजाविले होते. तीस-पस्तीस वर्षांच्या राजबंद्याला हे सारे आठवले, कारण त्याच्या वेळच्या एका थकल्याभागल्या बाईने, घरात दारिद्र्य असताना, मुलाशी बोलायला वेळ काढला होता.

मात्र येथे एक कठोर गोष्ट बोलून दाखविली पाहिजे, आणि सणाच्या दिवशी ती बोलू नये असे आम्हांस वाटत नाही. बाळपणीची स्मृती निवड करीत नाही. आपल्याला जे मुलांनी लक्षात ठेवावेसे वाटते तेवढेच ती ठेवीत नाही, जे विसरावे असे वाटते तेही ठेवते. लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात (१९३४ पासून ते भागाभागांनी प्रसिद्ध झाले) त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची वर्णने आहेत. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज ज्या घरात स्वीकारला जात नसे त्या घरात मुलींचे बाळपण कसे गेले, हे त्या हसत हसत सांगतात. वाचकही हसतो. परंतु त्या हसण्यामागे एका लहान मुलीचे भय उभे असते. वडिलांच्या मनात देवभक्ती नव्हती असे कोण म्हणेल? मुलीच्या मनात मात्र राहिली ती धाक आणि पाण्याच्या घागरी.

आपल्याही घरांत मुले पाहत असतात. गौरींच्या हळदीकुंकवाला आत्या आली की तिच्या कपाळी कुंकू लागते, आणि आजोबा गेल्यापासून आजी मात्र माजघराच्या दाराआड सरते, हे पाच वर्षांच्या मुलीला दिसत नाही असे आपण समजतो काय? तिला दिसते. का, हे ती विचारते, आणि त्या वेळी आपण जे उत्तर देतो किंवा देण्याचे टाळतो, तेच तिच्यापुरते धर्माचे निरूपण होऊन बसते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये वैधव्याच्या रूढी बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरविण्यास सांगितले. ठराव झाला हे उत्तमच. पण गौरीपुढे आजीला पाटावर बसवून तिच्या ओटीत फुले-फळे घालण्याला कोणाच्या ठरावाची आवश्यकता नाही. नातीच्या देखत सुनेने ते केले तर आणखी एका पिढीला ठरावाचे काम पडणार नाही.

आता थोडे पत्रीविषयी. गणेशपूजेत एकवीस प्रकारची पत्री वाहण्याची परंपरा आहे : शमी, रुई, आघाडा, माका, बेल, धोतरा, डोरली, कण्हेर, मरवा, डाळिंब, हादगा, विष्णुक्रांता अशी ती यादी जाते. यांतील कित्येक झाडे बागेतली नव्हेत, बांधावरची नि उकिरड्याकडेची आहेत. आघाड्याचे तुरे कपड्यांना चिकटतात, डोरलीला काटे असतात, धोतरा विषारी असतो म्हणून हात धुवावे लागतात. पूर्वी पत्री आणण्याचे काम मुलांकडे असे आणि त्यामुळे गावच्या वनस्पतींची ओळख त्यांना आपोआप होई. गोमंतकात देवाच्या वर जी माटोळी बांधतात तिच्यातही असेच शास्त्र आहे. सुपारीचे घड, तोरिंजन, आंबाडे, कांगले, नाना रानफळे एका लाकडी चौकटीला टांगली जातात. पावसाळ्यात रानात काय पिकते याची ती जणू देवासमोर दिलेली वार्षिक गणती होय. दक्षिण कोकणातही ही चाल आहे. कोणते फळ कोणत्या वाटेवर मिळते हे मुले मोठ्या माणसांबरोबर हिंडून शिकत आली.

शहरांत आता पत्रीची बांधलेली जुडी बाजारात मिळते. ती आणण्यात काही पाप नाही, सदनिकेत राहणाऱ्याने आघाडा कोठून आणावा? तरीही जुडी सोडून मुलांपुढे पसरावी, पाने ओळखायला लावावीत, आणि एकवीसांपैकी खरोखर किती आहेत ते मोजायला सांगावे. विक्रेत्याची लबाडी मुलेच पकडतील, आणि त्यांना त्याचा जो आनंद होईल तोही सणाचाच भाग आहे. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या लेकीसुनांना शमी मिळणार नाही. त्यांनी अंगणातले साधे गवत मुलांकडून खुडून घेतले तर विघ्नहर्ता रागावेल असे आम्हांला वाटत नाही. गावच्या घरची आरती ती मुले दूरध्वनीच्या पडद्यावर पाहतात, हे चांगलेच आहे. पण पाहताना त्यांच्या हातात झांज असू द्यावी, कितीही बेताल वाजली तरी.

काम दिले की ते बिघडणार, हे गृहीत धरावे लागते. समईत तेल घालताना ते जमिनीवर सांडेल, रांगोळीचा ठिपका चुकेल, नैवेद्याच्या ताटात डावीकडे वाढायचे ते उजवीकडे पडेल. त्या वेळी पाहुण्यांदेखत मुलाच्या हातून पळी काढून घेऊ नये. शास्त्रापुरते बोलायचे तर पूजेच्या शेवटी न्यूनाधिकाबद्दल क्षमा मागण्याची सोय आपल्या पूर्वजांनी करूनच ठेविली आहे. तिचा उपयोग मोठ्यांनी थोडा मुलांसाठीही करावा.

दीड दिवसांनी, पाच दिवसांनी, गौरींबरोबर किंवा अनंत चतुर्दशीला, ज्याच्या त्याच्या कुलाचाराप्रमाणे, विसर्जन होईल. परतताना रिकाम्या पाटावर नदीची वा समुद्राची मूठभर वाळू घेऊन येण्याची रीत अनेक घरांत आहे. घरी आल्यावर तो पाट पुन्हा देवाच्या जागी ठेवून आरती होते आणि ती वाळू धान्याच्या कोठीत किंवा अंगणात टाकली जाते. तो पाट या वर्षी घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हाती द्यावा. वाटेत थोडी वाळू सांडेल, आणि तो दर दहा पावलांनी थांबून किती उरली ते पाहील. मोठ्यांनी तेवढा वेळ थांबावे.