पाटीवरची परकी भाषा

भामरागडकडच्या आमच्या शाळेत पहिलीचा वर्ग मोहाच्या झाडाखाली भरे. गुरुजी मोठे मायाळू. पण ते मराठी बोलत अन् आम्ही माडिया. 'पाटी काढा' म्हणजे काय, हे कळायलाच दिवाळी उजाडली! ते दिवस आठवले की आजही मन हरखते. मात्र माझ्यासोबतची कित्येक पोरे मोह वेचायच्या दिवसांत गेली, ती वर्गात परतलीच नाहीत. त्यांना 'ढ' म्हणणे मला पटत नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे राज्यघटनेचे ३५०-अ कलम १९५६ पासून सांगते. तरी धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेला २०१९ मध्ये गोंडी शाळा स्वतःच काढावी लागली. निदान पहिली-दुसरीला तरी मुलांची बोली जाणणारे गुरुजी द्या!